वराहपिल्लांच्या खाद्यातील वाढवर्धक प्रतिजैविके : डेन्मार्कच्या अनुभवाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

आधुनिक वराहपालनात पिल्लांचे दूध तोडण्याचा काळ हा सर्वांत नाजूक टप्पा मानला जातो. निसर्गतः मादी कित्येक आठवड्यांत क्रमाक्रमाने दूध तोडते; व्यापारी वराहपालनात मात्र तीन-चार आठवड्यांची पिल्ले एकाच दिवशी आईपासून विलग केली जातात. अपरिचित खाद्य, नवे सोबती आणि मातेच्या दुधातून मिळणाऱ्या संरक्षणाचा अभाव यांमुळे त्यांना हगवण लागते व वाढ खुंटते. यावर विसाव्या शतकाने शोधलेला उपाय म्हणजे खाद्यात अल्प प्रमाणात मिसळलेली प्रतिजैविके. या उपायाने काय साधले व काय झाकले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

उगम व पहिली शंका

१९४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत थॉमस ज्यूक्स व रॉबर्ट स्टोकस्टाड कोंबड्यांच्या आहारावर संशोधन करीत होते. ऑरिओमायसिनच्या निर्मितीतील अवशेष बी-१२ जीवनसत्त्वाचा स्रोत म्हणून दिले असता, केवळ त्या जीवनसत्त्वाने होते त्याहून अधिक वाढ त्यांना आढळली. १९५० मध्ये डुकरांवरील असेच निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि औषध हे पशुखाद्याचा घटक बनले.

१९६९ मध्ये ब्रिटनमधील स्वान समितीने, उपचारात महत्त्वाची असलेली प्रतिजैविके वाढीसाठी वापरू नयेत, अशी शिफारस केली. त्यानंतर मानवी उपचारात नसलेली द्रव्ये निर्धोक समजली जाऊ लागली. अ‍ॅव्होपार्सिन हे त्यांपैकीच एक. परंतु ते व्हँकोमायसिनच्याच रासायनिक कुळातील होते. व्हँकोमायसिन हे रुग्णालयांतील गंभीर संसर्गांवरचे मोलाचे औषध असल्याने, गोठ्यातील जीवाणूंची प्रतिकारशक्ती हा मानवी आरोग्याचा प्रश्न ठरला.

डेन्मार्कमधील घटनाक्रम

स्वीडनने १९८६ मध्येच वाढवर्धक प्रतिजैविकांवर बंदी घातली होती. डेन्मार्कने १९९५ मध्ये अ‍ॅव्होपार्सिनवर व १९९८ मध्ये व्हर्जिनियामायसिनवर बंदी घातली. पुढे उत्पादकांनी स्वेच्छेने १९९८ मध्ये मोठ्या डुकरांच्या व १९९९ अखेर पिल्लांच्या खाद्यातून ही द्रव्ये काढून टाकली.

येथे एक बाब विशेष लक्षणीय आहे. अ‍ॅव्होपार्सिन बंद होऊनही डुकरांतील व्हँकोमायसिन-प्रतिरोधी जीवाणू लवकर घटले नाहीत. त्या जीवाणूंत दोन्ही औषधगटांविरुद्धची जनुके एकाच प्लास्मिडवर होती. त्यामुळे टायलोसिनच्या वापराने दोन्ही टिकून राहत. टायलोसिनचा वापर थांबल्यावरच त्यांचे प्रमाण घसरले. एकेका द्रव्यावरील सुटी बंदी अपुरी का ठरते, हे यावरून स्पष्ट होते.

मोठ्या डुकरांच्या बाबतीत हे स्थित्यंतर सुलभ झाले; पिल्लांत मात्र हगवण वाढली व उपचारार्थ औषधे अधिक लागली. तथापि १९९२ ते २००८ या काळात प्रति किलो वराहउत्पादनामागे प्रतिजैविकांचा एकूण वापर निम्म्याहून कमी झाला आणि उत्पादकताही वाढली. १ जानेवारी २००६ पासून युरोपीय संघात वाढवर्धक प्रतिजैविके पूर्णतः बंद झाली.

उरलेली पोकळी काही अंशी औषधी मात्रेतील झिंक ऑक्साईडने भरून काढली. परंतु जस्त मातीत साठते व प्रतिरोधास पोषक ठरू शकते, या कारणांनी युरोपीय संघाने जून २०२२ पर्यंत तेही मागे घेतले.

निष्कर्ष

या इतिहासातून असे दिसते की, वाढवर्धके ही केवळ वाढीची साधने नव्हती; लवकर दूध तोडण्याच्या पद्धतीतील उणीव त्यांनी झाकून ठेवली होती. लाभ उत्पादकाच्या हिशेबात जमा होत होता. प्रतिरोधाचा खर्च मात्र समाजाच्या नावे पडत होता. द्रव्य बदलले तरी हा हिशेब बदलला नाही.

हा प्रश्न युरोपपुरता मर्यादित नाही. कोलिस्टिनविरुद्धचे, एका जीवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकणारे जनुक २०१५ मध्ये चीनमधील डुकरांत सापडल्याचे जाहीर झाले. २०१९ मध्ये भारताने अन्नोत्पादक प्राण्यांसाठी कोलिस्टिनवर बंदी घातली. मात्र बंदीसोबत दूध तोडण्याचे वय, स्वच्छता आणि आहार यांचा विचार झाला नाही, तर एका द्रव्याच्या जागी दुसरे येईल, हाच डेन्मार्कच्या अनुभवाचा बोध होय.