तप्त पोलादाला ‘पाणी’ देण्याचे गणित

लोहार कोयत्याला ‘पाणी’ देतो, तीच प्रक्रिया कारखान्यात ‘क्वेंचिंग’ म्हणून ओळखली जाते. सुमारे ८५० अंश सेल्सिअसपर्यंत तापविलेला पोलादी भाग पाण्यात बुडविताच त्याभोवती वाफेचे आवरण तयार होते. ते फुटले की तापमान झपाट्याने उतरते. मात्र ते सर्वत्र एकाच वेळी फुटत नाही. त्यातून अंतर्गत ताण निर्माण होऊन भाग वाकतो, प्रसंगी तडकतोही. संगणकीय प्रारूपात भागाचे हजारो घटक कल्पून प्रत्येकाचे तापमान व ताण क्षणाक्षणाला काढले जातात. खरी मेख आहे ती उष्णता-संक्रमण गुणांकात. पृष्ठभागाच्या तापमानानुसार तो पालटत राहतो. त्यामुळे नमुना तुकड्यात थर्मोकपल बसवून नोंदी घेतात व त्यांवरून उलट गणिताने गुणांक ठरवितात. त्याऐवजी एकच स्थिर आकडा वापरल्यास पडद्यावर सुरक्षित दिसलेला भाग टाकीत तडकू शकतो.