पाठीची ढाल आणि संग्राहकाची खुरपी

१/३
सन १८४१. मूळचे फ्रान्सचे, पेशाने शिक्षक असलेले निकोलस हेन्ट्झ यांनी अमेरिकेतील एका विलक्षण कोळ्याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याच्या पोटाचा मागचा भाग जणू सुरीने कापल्यासारखा सपाट होता.

२/३
शत्रू बिळाचे झाकण उघडून शिरला, की हा कोळी डोके खाली करून आत सरकतो आणि पोटाची कठीण, कंगोरेदार चकती बुचासारखी घट्ट बसवतो.

३/३
१९७५ मध्ये गर्ट्श आणि प्लॅटनिक यांनी याच सायक्लोकोस्मिया कुळीतील 'टोरेया' ही फ्लॉरिडातील प्रजाती वेगळी नोंदवली. घळींच्या उतारावर मातीत मिसळून गेलेले तिचे दार सहज दिसत नाही; म्हणूनच हौशी संग्राहकांना तिचे आकर्षण. पाळताना तिला खोल, ओलसर माती द्यावी लागते. मात्र मादी वर्षानुवर्षे एकाच बिळात राहते. शत्रूला रोखणारी ती ढाल खुरपीपुढे निरुपयोगी ठरते. आणि एक मादी उचलली, की त्या उतारावरची तिची पुढची पिढीही हरपते.