राउनट्री उद्यानाचे दरवाजे

इंग्लंडातील यॉर्क शहरी, ऊझ नदीच्या काठी, राउनट्री उद्यानाच्या तोंडाशी अठराव्या शतकातील लोखंडी दरवाजे उभे आहेत. ते साच्यात ओतलेले नव्हेत. लोहाराने तापवून, ठोकून, वळवून घडविलेले. हे युद्धस्मारक आहे, असे एरवी कोणाच्या ध्यानीही येऊ नये.

राउनट्री हे कोको-चॉकलेटचे कारखानदार. घराणे क्वेकर पंथाचे. शस्त्र धरणेच त्यांना धर्मबाह्य. तथापि त्यांच्या कारखान्यातील कितीएक कामगार पहिल्या महायुद्धात लढावयास गेले, आणि त्यांतले अनेक परतले नाहीत. त्यांच्या स्मरणार्थ कंपनीने १९२१ साली हे उद्यान शहरास अर्पण केले. विजयस्तंभाऐवजी मुलांना खेळावयास हिरवळ! तेथील फलकाने विजयाचा डंका पिटलेला नाही. हे युद्ध युद्धांचा शेवट ठरेल, ही लढणाऱ्यांची श्रद्धा त्यावर कोरली आहे. राष्ट्रसंघ हेच त्यांचे खरे स्मारक, असेही म्हटले आहे.

ती आशा अवघी अठरा वर्षे टिकली. १९३९ साली पुन्हा युद्ध पेटले. ते संपल्यानंतर त्याच कंपनीने, दुसऱ्या युद्धाची आठवण म्हणून, हे जुने दरवाजे दिले. नदीकडून येणाऱ्यास पहिल्या स्मारकात आता दुसऱ्यातूनच शिरावे लागते. ऊझला पूर आला म्हणजे पाणीही ह्या दरवाजांपाशी चढते.