पगार 'भेटतो' की 'मिळतो'? मराठीत नेहमी होणाऱ्या चुका

लग्नपत्रिकेवरचा 'आर्शिवाद', दुकानाच्या पाटीवरचे 'उज्वल' किंवा 'मला पगार भेटला' हे वाक्य पाहून अनेक मराठी वाचक अस्वस्थ होतात. यांतील काही चुका नियमांशी संबंधित आहेत, तर काही ठिकाणी चूक नसून केवळ बोलीतला फरक असतो.

नियम कोणते?

आज वापरात असलेले शुद्धलेखनाचे नियम मराठी साहित्य महामंडळाने तयार केले. महाराष्ट्र शासनाने १९६२ मध्ये १४ नियम स्वीकारले आणि १९७२ मध्ये त्यांत आणखी ४ नियमांची भर पडली. उच्चारात न येणारे अनुस्वार या नियमांनी वगळले. म्हणूनच जुन्या पुस्तकांत दिसणारे 'नांव', 'कांही', 'पांच' आता 'नाव', 'काही', 'पाच' असे लिहिले जातात.

ऱ्हस्व की दीर्घ?

सर्वाधिक गोंधळ इथेच होतो, कारण मराठी बोलताना हा फरक फारसा जाणवत नाही. शब्दातील जागेवरून तो ठरवावा लागतो.

- शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ असतो : कवी, गुरू. 'आणि' हा अपवाद.
- समासात असे संस्कृत शब्द आधी आले की ऱ्हस्व राहतात : कविसंमेलन, गुरुदक्षिणा.
- फूल, वकील यांना प्रत्यय लागला की दीर्घ अक्षर ऱ्हस्व होते : फुलाला, वकिलाला. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मात्र बदलत नाहीत : शरीर, शरीराला.

जोडाक्षरे

शब्द कसा तयार झाला हे कळले की पाठ करावे लागत नाही. 'महत्' आणि 'त्व' मिळून 'महत्त्व' होते, म्हणून त्यात दोन त आहेत. 'तत्त्व' आणि 'व्यक्तिमत्त्व' यांचेही तसेच. 'नेतृत्व', 'अस्तित्व' यांत मूळ शब्दाच्या शेवटी त् नाही, म्हणून तिथे एकच त पुरतो. 'उत्' आणि 'ज्वल' यांपासून 'उज्ज्वल', तर 'तत्' आणि 'ज्ञ' यांपासून 'तज्ज्ञ'. 'आशीर्वाद' म्हणताना र् हा 'वा'च्या आधी उच्चारला जातो, म्हणून रफार 'वा'वर येतो, 'शी'वर नाही.

एका टिंबाचा फरक

'शिक्षकाला' म्हणजे एकाला, 'शिक्षकांना' म्हणजे अनेकांना. आदरार्थी बोलतानाही अनुस्वार हवाच : 'सरांनी सांगितले', 'डॉक्टरांना विचारा'. 'सरानी', 'मुलाना' ही रूपे प्रमाण लेखनात चुकीची आहेत.

शब्दांची निवड

प्रमाण मराठीत माणसे भेटतात आणि वस्तू मिळतात. म्हणून मित्र भेटतो, पगार मिळतो. तसेच 'तो बोलला की मी येतो' याऐवजी 'तो म्हणाला, मी येतो' असे लिहितात. 'माझी मदत कर' ही हिंदीच्या प्रभावाने आलेली रचना आहे. मराठीत 'मला मदत कर' म्हणतात.

मग बोली चुकीची का?

नाही. 'पानी', 'काम भेटलं' अशी रूपे अनेक भागांत पिढ्यान्‌पिढ्या बोलली जातात आणि त्या बोलींना स्वतःची व्यवस्था आहे. प्रमाण भाषेची गरज अर्ज, पाठ्यपुस्तक, बातमी, कायद्याचा मसुदा अशा लेखनात असते, कारण ते वेगवेगळ्या भागांतील लोकांना सारखेच समजायला हवे. उत्तरपत्रिकेतला 'पानी' दुरुस्त करणे हे शिक्षकाचे काम आहे. पण वर्गात 'पानी' म्हणणाऱ्या मुलाला हसले, तर ते मूल शुद्ध बोलायला लागण्याऐवजी बोलायचेच थांबण्याची शक्यता असते.