‘निलगिरी’ आणि ‘पडीक’ : वाशीम जिल्ह्याच्या संदर्भात दोन नावांचा इतिहास

प्रस्तावना :
वाशीम जिल्ह्यात रस्त्याच्या कडेला व शेताच्या बांधावर दिसणारे उंच, सालपटे गळणारे झाड ‘निलगिरी’ या नावाने ओळखले जाते. नाव पर्वताचे, वृक्ष मात्र सहसा त्या पर्वतावरील नव्हे. नावातील हा घोटाळा केवळ शब्दाचा नसून वनीकरणाच्या धोरणाशीही त्याचा संबंध आहे.

नावाचा प्रवास :
युकॅलिप्टस ही मूळ ऑस्ट्रेलियाकडील प्रजाती. इ.स. १७९० च्या सुमारास, टिपू सुलतानाच्या काळात, ती म्हैसूर राज्यातील नंदी टेकडीवर प्रथम लावली गेली असे मानले जाते. निलगिरी पर्वतात ती १८४३ मध्ये आली. पुढे उटकमंडच्या सरपणाची टंचाई दूर करण्यासाठी तिची पद्धतशीर लागवड झाली. तेथे रुजलेली ‘ग्लोब्युलस’ ही थंड, दमट हवेतील जाती होय. तिच्या पानांचे तेल सर्दीपडशावर घरोघरी वापरले जाऊ लागले आणि पर्वताचे नाव मराठीत वृक्षास मिळाले. मैदानी प्रदेशात मात्र प्रामुख्याने पसरली ती ‘टेरेटिकॉर्निस’. विरळ रानांत वाढणाऱ्या व कोरडे हवामान सोसणाऱ्या या जातीचा नंदी टेकडीवरून आलेला वाण ‘म्हैसूर गम’ म्हणून प्रसिद्ध झाला.

सामाजिक वनीकरणाचा काळ :
राष्ट्रीय कृषी आयोगाने १९७६ च्या अहवालात सामाजिक वनीकरणाचा पुरस्कार केला. महाराष्ट्रात त्यासाठी १९८२ मध्ये स्वतंत्र विभाग स्थापन झाला. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होते; स्वतंत्र जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अस्तित्वात आला. जलद वाढ, तोडल्यावर पुन्हा फुटणारे खोड व सरळ बल्ल्या यांमुळे निलगिरी लोकप्रिय ठरली. गुरे तिला तोंड लावत नाहीत, हा लागवड करणाऱ्यांच्या दृष्टीने गुण होता. गुरे पाळणाऱ्यांच्या दृष्टीने तोच दोष होता. कर्नाटकात १९८३ मध्ये शेतकऱ्यांनी निलगिरीची रोपे उपटून टाकली, त्यामागे चारा, पाणी व अन्नधान्याची चिंता होती.

‘पडीक’ म्हणजे काय? :
१९८५ मध्ये राष्ट्रीय पडीक जमीन विकास मंडळ स्थापन झाले. महसुली दृष्टीने पडीक ठरणारी गवताळ जमीन गुराख्यासाठी मात्र कुरण असते. वाशीम जिल्ह्यातच २००० मध्ये कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्य घोषित झाले. काळवीट हा मोकळ्या माळरानाचा प्राणी आहे; दाट लागवड त्याच्या अधिवासाचा नाशच करते.

समारोप :
निलगिरी सर्वस्वी शत्रू नाही व तारकही नाही. बांधावरील एक रांग आणि कुरणावरील सलग लागवड यांचे परिणाम भिन्न असतात. जाती, मातीची खोली, पर्जन्यमान व जमिनीचा पूर्वापार वापर पाहिल्याशिवाय दिलेला निर्णय केवळ नावावरून दिलेला ठरतो. वृक्ष लावण्यापूर्वी ‘ही जमीन आज कोणाच्या उपयोगाची आहे?’ हा प्रश्न विचारला जावा, हाच या इतिहासाचा बोध होय.