आगबोट ते हरित नौका : इंधनाच्या भूमीचा इतिहास

20 मार्च 1830 रोजी मुंबईत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट सुएझकडे निघाली. तिच्यासाठी लागणारा कोळसा शिडाच्या जहाजाने आधीच एडनला पाठवावा लागला होता. वाऱ्यावर चालणाऱ्या गलबताला इंधनाचा तळ लागत नसे. आगबोटीला तो अपरिहार्य ठरला. जानेवारी 1839मध्ये ब्रिटिशांनी एडन घेतले, ते मुंबई इलाख्याच्या कारभाराखाली आले आणि तेथे सोमाली व येमेनी मजूर जहाजांवर कोळसा चढवू लागले. मराठीने नव्या नौकेला ‘आगबोट’ हे नाव दिले. या शब्दात आग आहे, कोळसा वाहणारा मात्र नाही.

नौकानयनातील प्रत्येक इंधनबदल बंदराइतकाच इंधन पुरवणाऱ्या दूरच्या भूमीलाही बदलतो, हा प्रस्तुत टिपणाचा मुद्दा आहे. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने जुलै 2023मध्ये जहाजांचे निव्वळ हरितगृहवायू-उत्सर्जन 2050च्या सुमारास शून्यावर आणण्याचे ध्येय स्वीकारले. जागतिक उत्सर्जनात या व्यवसायाचा वाटा सुमारे 3 टक्के आहे. हरित अमोनियासाठी हायड्रोजन हवा, आणि पाण्यापासून तो मिळवण्यासाठी मुबलक नवीकरणीय वीज हवी. धक्क्यावरील जहाजाने इंजिने बंद ठेवून किनाऱ्यावरची वीज घ्यावी, या उपायालाही अशीच वीज लागते. ती निर्माण होणार पुष्कळ अंशी समुद्रापासून दूरच्या जमिनीवर.

पेणजवळच्या वरसईहून 1857मध्ये निघालेल्या विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’मुळे झाशी मराठी वाचकाच्या परिचयाची आहे. त्याच जिल्ह्यातील गरौठा येथे 600 मेगावॉटच्या सौर उद्यानाची पायाभरणी 19 नोव्हेंबर 2021 रोजी झाली. नियोजित खर्च 3,000 कोटी रुपयांहून अधिक होता. हा प्रकल्प जहाजांसाठी योजलेला नाही. तरीही बंदरांची मागणी वाढेल तसा अशा प्रदेशांवरील भार वाढेल, हे उघड आहे. बुंदेलखंडात गुरे मोकळी सोडण्याची ‘अन्ना’ प्रथा आहे, बटाईची शेती आहे. जमीन कुंपणात गेल्यास मोबदला खतौनीत नाव असलेल्याला मिळू शकतो. बटाईदार आणि गुराखी यांचा हक्क बहुधा कागदावर नसतो.

तुलनात्मक साहित्याचा अभ्यासक समुद्रकथा वाचताना बहुधा किनाऱ्यापाशी थांबतो. ‘हरित नौका’ हा शब्दही ‘आगबोटी’सारखाच घडतो आहे : त्यात नौका दिसते, तिला ऊर्जा देणारे शिवार दिसत नाही. धुराड्यातून काळा धूर निघेनासा झाला, एवढ्यावरून या संक्रमणाचा न्याय ठरवता येणार नाही. त्यासाठी बटाईदाराचे नाव हिशेबात येते की नाही, हे पाहावे लागेल.