गावात की स्टेशनला?

तळेगाव दाभाडे येथे उतरणाऱ्या माणसाला रिक्षावाले नाव, गाव, कूळ काही विचारत नाहीत. एवढंच विचारतात, "गावात की स्टेशनला?" कारण तळेगावं दोन. एक दाभाड्यांचं आणि एक आगगाडीचं. १८५८ साली खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली, पण रूळ गावात न शिरता लांबूनच निघून गेले. तेव्हापासून गाव आणि स्टेशन वाटण्या झालेल्या भावांसारखे नांदताहेत. बोलणंचालणं आहे, पण चुली वेगळ्या.

मी गावातला. म्हणजे वाडा गावातला. मी पुण्यात तिसऱ्या मजल्यावर. वाडा पाडून तिथं चार मजली इमारत उठवायची ठरली होती. सतरा हिस्सेदारांपैकी सोळांच्या सह्या झाल्या होत्या आणि सतरावा अडेलतट्टू मी होतो. "दादा, येऊन तेवढी सही टाकून जा," असा चुलतभावाचा फोन आला. येता येता कोथिंबिरीची जुडी आण, असं सांगावं तसा.

मी निघालो तो मनात नकार घेऊनच. सोबत भाचा होता. तो वास्तुकला शिकतो, म्हणजे ज्या घरात मी जन्मलो त्या घराबद्दल त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं. १९७८ पासून पुणे-लोणावळा लोकल आहे, तीच आम्ही पकडली. बसायला जागा मिळाली नाही, त्यामुळं इतिहास उभ्यानंच ऐकावा लागला.

स्टेशनवर उतरून मी रिक्षाकडे वळलो, तर भाच्यानं दंड धरला. "मामा, गाव पायांनी बघायचं असतं." ज्यांचे गुडघे विशीतले असतात त्यांना अशी सुभाषितं सुचतात. पण चाललो. स्टेशनच्या बाजूचाही इतिहास लहान नाही. अंताजी दामोदर काळ्यांनी घरोघर एकेक पैसा मागून पैसा फंड उभा केला, लोकमान्यांनी पाठीवर हात ठेवला आणि १९०८ साली त्या पैशांतून इथं काचेचा कारखाना निघाला. आमच्या सतरा हिस्सेदारांकडून वाड्याच्या कौलांसाठी वर्गणी काही कधी निघाली नाही, हे मला तिथं विनाकारण आठवलं.

गाव आलं तसं तळं आलं. तळ्याकाठी भाच्याला मी माझ्याजवळची एकुलती एक गोष्ट सांगितली. १७७९ च्या जानेवारीत राघोबादादांना गादीवर बसवायला इंग्रजांची फौज मुंबईहून निघून इथवर आली. चार हजारांच्या आतबाहेर माणसं आणि बैल मात्र एकोणीस हजार! एवढं बिऱ्हाड घेऊन घाटावर चढल्यावर काय होणार? खंडाळ्याहून आठ मैल सरकायला अकरा दिवस लागले. आमची लोकल लोणावळ्याहून तळेगावला पाऊण तासाच्या आत येते, आणि तरीही आपण तिला नावं ठेवतो. वाटेत कार्ल्याला कॅप्टन स्टुअर्ट, म्हणजे आपला इष्टुर फाकडा, पडला. ९ तारखेला तळेगाव गाठलं तर गाव मराठ्यांनी आधीच जाळून ठेवलेलं. दाणा नाही, वैरण नाही. ११ तारखेच्या रात्री साहेबानं जड तोफा तळ्यात ढकलल्या आणि काढता पाय घेतला. पुढं वडगावला कोंडी झाली आणि त्यांना तहावर सही करावी लागली.

"म्हणजे सही करायला तळेगावकडे येण्याची परंपरा जुनी आहे तर," भाचा म्हणाला. माझ्या बहिणीचा मुलगा शोभतो.

मग ग्रामदैवत डोळसनाथाला हात जोडले आणि बनेश्वराकडे गेलो. देवळाशी सेनापती खंडेराव दाभाड्यांची समाधी आहे. शाहू महाराजांनी १७१७ साली त्यांना सेनापतिपद दिलं. बडोद्याचे गायकवाड पुढं महाराज झाले, पण सुरुवात त्यांनी या दाभाड्यांच्या हाताखाली केली. भाचा दगडावरचं कोरीव काम वहीत उतरवत होता. मी पायरीवर बसून उमाबाईंचा विचार करत होतो. १७२९ साली नवरा गेला. १७३१ साली डभईच्या लढाईत थोरला मुलगा त्रिंबकराव बाजीरावांच्या फौजेशी लढताना पडला. समजूत घालायला स्वतः शाहू महाराज तळेगावला आले. पुढं पेशव्यांनी गुजरातेच्या उत्पन्नात अर्धा वाटा मागितला, तेव्हा १७५० साली या बाई आळंदीला नानासाहेबांना भेटल्या आणि तोंडावर नाही म्हणाल्या. त्या नकारापायी पुढं कैद सोसली. गायकवाडांनी पेशव्यांशी परस्पर जमवून घेतलं आणि १७५३ साली बाई पुण्यात वारल्या.

मला स्फुरण चढलं. उमाबाई नाही म्हणू शकतात, तर मी का नाही? मी उठलो. गुडघ्यांनी कुरकुर केली, पण निश्चय झाला होता.

वाड्याशी आलो. भाच्यानं दिंडीपासूनच प्रवचन सुरू केलं. मोठ्या दरवाजातली ही छोटी दिंडी मुद्दाम ठेंगणी असते, आत येणारा वाकूनच येतो. खाली घडीव दगडाचं जोतं, वर वीट आणि पांढरी माती. भिंत हातभर जाड, म्हणून उन्हाळ्यात माजघर गार. लाकडी खांब थेट जमिनीत रोवत नाहीत, खाली दगडी तळखडा देतात, म्हणजे ओल चढत नाही, वाळवी चटकन लागत नाही. ज्या तळखड्यावर मी लहानपणी बदाम फोडले, त्याचा उपयोग मला साठाव्या वर्षी कळला.

काकू चौकात बसली होती. वाड्यात आता ती एकटीच. वय ऐंशीच्या पुढं. मी तिला उमाबाईंपासून तळखड्यापर्यंत सगळं सांगितलं आणि "मी सही करणार नाही" असं म्हणून टाळ्यांची वाट पाहत थांबलो.

काकूनं शांतपणे विचारलं, "तुझ्या घरात संडास किती पावलांवर रे?"

"अं? असतील चारपाच."

"माझा चौकापलीकडं. गेल्या श्रावणात रात्री पडले. सकाळी दूधवाला आला तेव्हा त्यानं उचललं." मग वर आढ्याकडं बोट दाखवून म्हणाली, "इतिहास तुझा हो, पण गळती माझी आहे."

कोपऱ्यात तीन बादल्या आणि एक पितळी घंगाळ मांडलेलं होतं. आमच्या आजोबांच्या आंघोळीचं घंगाळ.

भाचा वहीत तोंड घालून उभा राहिला. मी पेन काढलं. सही करताना हात थरथरला असं लिहिणार होतो, पण तो नाही थरथरला. काकूनं चहा केला. आलं बरंच घातलं होतं.

चुलतभाऊ भला माणूस. म्हणाला, "दादा, आठवण म्हणून काय हवं ते ने." मी दिंडीची कडी मागितली. सुतारानं ती काढून दिली तेव्हा कळलं की पाच पिढ्या तिला हलकेच वाजवत होत्या, ते ती जड होती म्हणून. भाच्यानं मात्र काही मागितलं नाही. त्यानं दोन तास टेप धरून सगळा वाडा मोजला, खण न् खण, आणि काकूला टेपचं दुसरं टोक धरायला लावलं. तिला ते फार आवडलं. आपण इतकी वर्षं केवढ्या मोठ्या घराचा केर काढला, ते तिला आकड्यांत कळलं.

संध्याकाळी वाकूनच बाहेर पडलो. साहेबानं इथं जड सामान तळ्यात टाकून पळ काढला होता. मी पिशवीत अडीच किलो लोखंड घेऊन निघालो होतो. कोपऱ्यावर रिक्षा उभी होती. त्या रिक्षावाल्यानं काही विचारलंच नाही. आम्ही बसलो आणि त्यानं सरळ स्टेशनकडे वळवली.